शूल, विषाद आणि सत्त्वावजय

वैद्यकव्यवसायात वेदनेइतके नित्य परिचयाचे दुसरे लक्षण नाही. मलकापूर, मोताळा, नांदुरा या पट्ट्यात चिकित्सा करणाऱ्या कोणत्याही वैद्याने आपली रुग्णनोंदवही उघडून पाहावी. कटिशूल, संधिशूल, शिरःशूल, अंगमर्द, आणि 'सारं आंग दुखून राह्यलं' या एका वाक्यात मावणारी अनिर्दिष्ट वेदना यांनीच तिची बहुतेक पाने भरलेली आढळतील. यांतील बरेच रुग्ण योग्य निदान, स्नेहन-स्वेदन, गुग्गुळकल्प आणि पथ्य यांनी बरे होतात, आणि त्याचे श्रेय शास्त्राला निःसंशय आहे. प्रश्न उरतो तो न बरे होणाऱ्यांचा. योगराज झाला, महायोगराज झाला, महारास्नादि काढ्याच्या बाटल्या संपल्या, महानारायण आणि विषगर्भ ही दोन्ही तेले जिरली, क्ष-किरण तपासणीत वयोमानापलीकडे काही दिसले नाही, आणि तरीही वेदना आहे तेथेच आहे, असे रुग्ण प्रत्येक वैद्याकडे असतात. कालांतराने ते दुसऱ्या वैद्याकडे जातात, तेथून वेदनाशामक गोळ्यांकडे आणि तेथून आमाशयाच्या तक्रारी घेऊन पुन्हा आपल्याकडे येतात.

या रुग्णवर्गाविषयी आयुर्वेदीय नियतकालिकांत फारसे लिहिले जात नाही. यशस्वी चिकित्सांचे वृत्तांत छापण्याकडे आपला कल असतो. परंतु शास्त्राची कसोटी न बरे होणाऱ्या रुग्णापाशीच लागते. म्हणूनच या अंकात आम्ही एका आधुनिक संशोधकाच्या कार्याकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. हे कार्य गोव्यात आणि पुढे आपल्याच अमरावती विभागात घडले, आणि त्याचा आपल्या दैनंदिन चिकित्सेशी निकटचा संबंध आहे, असे आमचे मत आहे.

गोव्यातील संशोधन काय सांगते

डॉ. विक्रम पटेल हे मूळचे मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ. इंग्लंडमध्ये शिक्षण आणि झिंबाब्वेमध्ये संशोधन केल्यानंतर १९९६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह गोव्यात 'संगाथ' ही संस्था स्थापन केली. मनोविकारतज्ज्ञ जेथे उपलब्ध नाही तेथे मानसिक आजारांची काळजी कोणी आणि कशी घ्यावी, हा त्यांच्या संशोधनाचा मध्यवर्ती प्रश्न राहिला आहे. याच विषयावरील त्यांचे आरोग्यकार्यकर्त्यांसाठीचे पुस्तक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्या दृष्टीने त्यांच्या कार्यातील सर्वांत उद्बोधक भाग मनोरुग्णालयातला नाही. तो सामान्य स्त्रियांच्या सामान्य शारीरिक तक्रारींचा आहे. उत्तर गोव्यात २००१ ते २००३ या काळात १८ ते ५० वयोगटातील सुमारे अडीच हजार स्त्रियांचा लोकसंख्याधारित अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००५ पासून क्रमशः प्रसिद्ध झाले. त्यांतील दोन निष्कर्ष प्रत्येक वैद्याने ध्यानात ठेवावेत असे आहेत.

पहिला निष्कर्ष थकव्याविषयीचा. सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असल्याची तक्रार सुमारे १२ टक्के स्त्रियांनी केली. आपल्या मनात येणारे पहिले निदान पांडुरोगाचे असते आणि आपला हात लोहकल्पाकडे जातो. परंतु या अभ्यासात रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रमाण आणि थकव्याची तक्रार यांत संबंध आढळला नाही. दारिद्र्य, घरातील छळ आणि मानसिक अस्वास्थ्य यांच्याशी मात्र तो ठळकपणे आढळला.

दुसरा निष्कर्ष श्वेतप्रदराविषयीचा. अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार करणाऱ्या स्त्रियांच्या प्रयोगशालेय तपासण्या करण्यात आल्या. त्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक आणि सामाजिक घटकांशी अधिक दृढ असल्याचे दिसून आले. या स्त्रियांना त्यांच्या मते कारण काय, असेही विचारण्यात आले होते. सर्वाधिक स्त्रियांनी ताण आणि मनाचा त्रास हे कारण सांगितले. जवळजवळ तितक्याच स्त्रियांनी अंगातील उष्णता हे कारण सांगितले, आणि संसर्गाचा क्रम त्यानंतर लागला. म्हणजे रुग्ण स्वतःच्या भाषेत कारण सांगत होती. ते तिला कोणी विचारले नव्हते, इतकेच.

असे पाहणी-अभ्यास कार्यकारणाची दिशा सिद्ध करीत नाहीत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. दुःखामुळे थकवा येतो की थकव्यामुळे दुःख वाढते, हे एका वेळच्या पाहणीतून ठरत नाही. परंतु दोन्ही एकत्र नांदतात एवढे कळले तरी चिकित्सकाचे कर्तव्य बदलते. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेनेही १९७९ मध्ये आणि सुधारित स्वरूपात २०२० मध्ये वेदनेची व्याख्या करताना तिला संवेदनेबरोबरच भावनिक अनुभवही म्हटले आहे.

आपल्या संहितांत हे नाही काय

येथे अनेक वाचक म्हणतील की यात नवीन ते काय? चरकाने हे सर्व आधीच सांगितले आहे. ते खरेच आहे. चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात वातप्रकोपाच्या कारणांत चिंता आणि शोक यांचा उल्लेख धातुक्षयाबरोबर येतो. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायातील अग्र्यसंग्रहात रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये विषादाला पहिले स्थान दिले आहे. विमानस्थानाच्या सहाव्या अध्यायात शारीर आणि मानस व्याधी दीर्घकाळ राहिल्यास एकमेकांना अनुबंधून राहतात, असे प्रतिपादन आहे. रुग्णपरीक्षेच्या दशविध प्रकारांत सत्त्वपरीक्षेचा समावेश आहे. आणि सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात दैवव्यपाश्रय आणि युक्तिव्यपाश्रय यांच्या जोडीला सत्त्वावजय ही स्वतंत्र चिकित्सा सांगितली आहे.

परंतु एवढे सांगून आपण थांबतो, हीच आमची तक्रार आहे. परिसंवादात सत्त्वावजयाचे श्लोक म्हटले जातात, स्नातकपूर्व परीक्षेत त्यावर टीप लिहिली जाते, आणि प्रत्यक्ष चिकित्सालयात सत्त्वपरीक्षेचा रकाना कोरा राहतो. नाडी, मल, मूत्र, जिह्वा यांची विचारणा होते. 'झोप लागते का' येथपर्यंत प्रश्न जातो आणि तेथेच संपतो. झोप का लागत नाही, हा पुढचा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ग्रंथात असणे आणि व्यवहारात असणे यांत अंतर असते. 'आमच्याकडे हे आधीपासून होते' हे विधान करण्याचा अधिकार ते आजही करणाऱ्यासच असतो.

संहितांमध्ये सत्त्वावजयाचे तत्त्व आहे, विस्तृत विधी नाही. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह करावा, हे सूत्र झाले. तीन एकर कपाशी पावसाने झोडपलेल्या, सोसायटीचे कर्ज थकलेल्या आणि चार महिन्यांपासून कंबर धरून बसलेल्या शेतकऱ्यापाशी त्या निग्रहाचा आरंभ कोणत्या वाक्याने करावा, कितव्या दिवशी काय विचारावे, आणि सुधारणा झाली हे कशावरून ठरवावे, हे सूत्रात सापडत नाही. युक्ती वैद्याने योजावयाची असते. डॉ. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे कार्य आपल्या उपयोगाचे ठरते ते याच ठिकाणी. त्यांनी विधी निश्चित केला, तो सामान्य माणसांना शिकविला आणि त्याचे परिणाम मोजले.

समुपदेशकांचे प्रयोग

गोव्यातील 'मानस' या प्रयोगाचा अहवाल २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. १२ सरकारी आरोग्यकेंद्रे आणि १२ खाजगी डॉक्टरांचे दवाखाने त्यात होते, आणि रुग्णसंख्या २,७९६ होती. अर्ध्या ठिकाणी मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांची योजना केली होती. त्यांच्यामागे दवाखान्यातील डॉक्टर आणि अधूनमधून येणारा मनोविकारतज्ज्ञ होता. सरकारी केंद्रांतील ज्या रुग्णांना ही सेवा मिळाली त्यांच्यापैकी सुमारे ६६ टक्के सहा महिन्यांनी बरे झाले. जेथे ती मिळाली नाही तेथे हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते.

खाजगी दवाखान्यांत मात्र समुपदेशकामुळे फरक पडला नाही. समुपदेशक असो वा नसो, दोन्हीकडे सुमारे ६५ टक्के रुग्ण बरे झाले. हा निष्कर्ष आपल्यासारख्या खाजगी व्यावसायिकांनी काळजीपूर्वक वाचावा. कुटुंबाला वर्षानुवर्षे ओळखणारा, नावाने हाक मारणारा, घरच्यांची चौकशी करणारा डॉक्टर नकळत बरेचसे समुपदेशन करीतच असतो, असे मानण्यास येथे जागा आहे. तथापि या निष्कर्षाने हुरळून जाण्याचे कारण नाही. तो श्रेय देतो ते ओळखीला आणि वेळेला. ज्या दवाखान्यात तासाला तीस रुग्ण तपासले जातात आणि केसपेपरवर मागचेच औषध पुन्हा लिहिले जाते, त्या दवाखान्याला तो लागू होतो असे समजू नये.

पुढे याच गटाने नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकींचा एक सुटसुटीत उपचार सिद्ध केला. त्याचे तत्त्व असे की, विषण्ण माणूस हळूहळू सर्व कामे आणि सर्व सुखे सोडून देतो, आणि ती सोडल्याने अधिकच विषण्ण होतो. म्हणून त्याच्याशी बोलून, त्याच्याच आयुष्यातील लहान लहान अर्थपूर्ण कृती ठरवून, त्या एकेक करून पुन्हा सुरू करावयाच्या. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्यकेंद्रांत, मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे ५०० रुग्णांवर याची चाचणी झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तीन महिन्यांनी बैठकी मिळालेल्या गटातील ६४ टक्के आणि इतर गटातील ३९ टक्के रुग्ण नैराश्यमुक्त होते. बैठकी घेणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षित सामान्य माणसे होती.

वऱ्हाडातील अनुभव

गोवा आणि वऱ्हाड यांत अंतर आहे, हा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो रास्तही आहे. म्हणून 'विश्राम' या प्रकल्पाचा उल्लेख आवश्यक ठरतो. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत हा उपक्रम राबविला. डॉ. पटेल यांचाही त्यात सहभाग होता. २००६ च्या केंद्रीय मदतयोजनेत विदर्भातील जे सहा आत्महत्याग्रस्त जिल्हे निवडले गेले, त्यांत अमरावतीही आहे आणि आपला बुलढाणाही आहे. जमीन तीच काळी, पीक तेच कापूस-सोयाबीन, आणि पाण्याची अनिश्चितताही तीच.

गावातील आरोग्यकार्यकर्ते आणि समुपदेशक यांच्यामार्फत हे काम चालले. आरंभी नैराश्य असलेल्यांपैकी केवळ ४.३ टक्के लोकांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती. दीड वर्षानंतरच्या पाहणीत हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. नैराश्याचे प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आले, आणि वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आलेल्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी वेगळी गावे या अभ्यासात नसल्याने सारे श्रेय उपक्रमाला देता येत नाही. तरीही एक गोष्ट निश्चित झाली. वऱ्हाडातला माणूस मनाचे दुखणे सांगत नाही, हा समज खरा नाही. विचारणारा दारात आला तर तो सांगतो.

आणि विचारणारा नसला तर काय होते, हेही आपण जाणतो. डॉ. पटेल आणि सहकाऱ्यांच्या २०१२ मधील अभ्यासाने २०१० या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ८७ हजार आत्महत्या झाल्याचा अंदाज मांडला होता. त्यांतील जवळपास निम्म्या विषप्राशनाने, मुख्यतः कीटकनाशकाने झाल्या. आपल्या भागात फवारणीचे औषध प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात, बहुधा पलंगाखाली किंवा कोठीच्या कोपऱ्यात असते. न बरी होणारी कंबर, न लागणारी झोप आणि हाताशी असलेले ते औषध, या तीन गोष्टी एकत्र येतात तेथे आपण केवळ शूलचिकित्सा करीत नसतो.

दोन्ही बाजूंच्या धोक्यांविषयी

या विवेचनाचा विपर्यास होऊ नये म्हणून दोन सूचना करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिली सूचना अशी की, वेदनेला मानसिक अनुबंध असतो याचा अर्थ वेदना खोटी असते असा होत नाही. 'तुम्हाला काही झालेले नाही, मनाचे आहे' हे वाक्य चिकित्सा नव्हे, तो रुग्णाचा अवमान आहे. कापसाच्या वेचणीत महिना-दीड महिना दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईची कंबर खरोखरच दुखते. तिथे अभ्यंग, स्वेदन, बस्ती, विश्रांती यांचे स्थान अबाधित आहे. तसेच रात्री झोपेतून उठविणारी वेदना, वजन घटणे, सायंकाळचा ज्वर, पायांतील बल कमी होणे, मलमूत्राचा वेग न कळणे, पूर्वी अर्बुदाची चिकित्सा झालेली असणे, यांपैकी काहीही आढळल्यास मनाचा विचार बाजूला ठेवून तपासणीसाठी तत्काळ पाठवावे. मेरुदंडाचा क्षय आणि अर्बुद यांना शोकाचे नाव दिल्यास रुग्णाचा घात होतो.

दुसरी सूचना अशी की, समुपदेशनाने कर्ज फिटत नाही आणि कापसाला भाव मिळत नाही. शेतकऱ्याच्या दुःखाला केवळ व्याधी ठरवून त्यामागील अन्याय झाकला जातो, अशी टीका या प्रकारच्या कार्यावर होत आली आहे, आणि ती विचारार्ह आहे. परंतु बाजारभाव वैद्याच्या हाती नाही. भाव पडलेला असतानाही माणूस उभा राहावा, त्याने तेल चोळून घ्यावे, जेवावे, झोपावे, शेतात जावे आणि सावकाराशी किंवा बँकेशी बोलण्याइतके बळ त्याच्यात राहावे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.

आपल्याला काय करता येईल

आमची सूचना साधी आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ वेदना असलेल्या प्रत्येक रुग्णाची सत्त्वपरीक्षा लेखी स्वरूपात व्हावी. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास राहते काय. पूर्वी ज्यात जीव रमत असे त्यात आता रमतो काय. झोप आणि भूक कशी आहे. घरात कशाचा घोर लागला आहे. आणि जगणे नकोसे वाटते काय, हे पाच प्रश्न पुरेसे आहेत. शेवटचा प्रश्न विचारल्याने तसा विचार मनात उत्पन्न होतो, ही भीती निराधार आहे. उलट तो विचारला गेल्याने अनेकांना मोकळे वाटते. उत्तर होकारार्थी आल्यास रुग्णाला एकटे सोडू नये, विश्वासातील नातलगास बोलवावे, घरातील कीटकनाशक दुसरीकडे हलविण्यास सांगावे आणि त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठविण्याची व्यवस्था करावी. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली 'टेलि-मानस' ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक केसपेपरच्या पाठीवर छापण्यास खर्च येत नाही.

'बोलण्याचे पैसे रुग्ण देत नाही, औषधाचे देतो' ही अडचण अनेक बंधू मांडतात. ती खरी आहे. परंतु आपल्या चिकित्सेतच तिचे उत्तर आहे. कटिशूलाचा रुग्ण स्नेहन-स्वेदनासाठी सात दिवस येतो आणि दररोज अर्धा-पाऊण तास आपल्या वास्तूत असतो. गोव्यातील उपचाराच्या बैठकी सहा ते आठ होत्या. म्हणजे जो वेळ आधुनिक डॉक्टरला शोधावा लागतो, तो आपल्याकडे चिकित्साविधीतच उपलब्ध आहे. स्त्री रुग्णाला अभ्यंग करणारी परिचारिका त्या वेळात जे ऐकते ते वैद्याच्या मेजापर्यंत कधीच पोहोचत नाही. गोव्यातील समुपदेशक अशाच सामान्य, स्थानिक व्यक्ती होत्या. आपल्या परिचारक-परिचारिकांना ऐकण्याचे, गुप्तता राखण्याचे, धोक्याची लक्षणे ओळखण्याचे आणि रुग्णाला रोज एक लहानशी कृती ठरवून देण्याचे पद्धतशीर प्रशिक्षण मिळाल्यास सत्त्वावजय ग्रंथातून चिकित्सालयात येईल. यात गुप्ततेचा मुद्दा गौण मानू नये. तालुक्याच्या गावात टेबलावर बोललेला शब्द संध्याकाळपर्यंत बाजारात पोहोचला, तर ती रुग्ण पुन्हा येणार नाही आणि तिच्या गल्लीतील दुसरी कोणीही येणार नाही.

आपल्या मर्यादाही स्पष्ट असाव्यात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तरास मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली आहे. हा आपल्या शास्त्राचा गौरव आहे, पण तो सर्व स्नातकांना दिलेला परवाना नव्हे. उन्माद, तीव्र विषाद, भ्रम, व्यसन यांचे रुग्ण तज्ज्ञाकडेच गेले पाहिजेत. मनोविकाराची आधुनिक औषधे चालू असलेल्या रुग्णास ती एकाएकी बंद करावयास सांगून ब्राह्मी वा जटामांसी सुरू करणे हे दुःसाहस आहे. त्यातून होणाऱ्या हानीचा दोष व्यक्तीला लागत नाही, शास्त्राला लागतो.

औषधालय चालकांसाठी

या नियतकालिकाच्या वाचकांत औषधालये चालविणारी मंडळी मोठ्या संख्येने आहेत, आणि वेदनेचा रुग्ण बहुधा वैद्यापूर्वी त्यांच्याकडेच जातो. दर आठवड्यास वेदनाशामक गोळ्यांची पट्टी नेणारा ग्राहक कोण, हे काउंटरवरील माणसास ठाऊक असते. अशा ग्राहकास पाचव्या पट्टीऐवजी 'एकदा तपासून घ्या' हे दोन शब्द मिळावेत. अल्प्राझोलाम, डायझेपाम, ट्रामाडोल ही औषधे २०१४ पासून एच-१ अनुसूचीत आहेत. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवणे आणि ती तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. ट्रामाडोल २०१८ पासून अंमली पदार्थविषयक कायद्याखालीही आले आहे. चिठ्ठीवाचून यांची विक्री करणारा दुकानदार रुग्णाला वेदनेतून व्यसनाकडे नेतो.

आयुर्वेदीय विभागाविषयीही दोन गोष्टी. ज्या पुडीवर निर्माता, घटकद्रव्ये आणि परवाना क्रमांक छापलेला नाही, ती संधिवातावरील 'हमखास' पुडी दुकानात ठेवू नये. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळण्याचे प्रकार घडले आहेत, आणि त्याचे मोल रुग्णाची हाडे आणि आपली पत यांनी चुकवावे लागते. दुसरे, सर्पगंधा. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब यांवरील तिचा गुण आधुनिक वैद्यकापुढे मांडला. पुढे तिच्यापासून वेगळ्या केलेल्या रेसरपिनच्या वापरात काही रुग्णांना विषण्णता आल्याची नोंद झाली, आणि पूर्वी नैराश्य असलेल्यांना ते देऊ नये असा दंडक पडला. निद्रानाशाचे कारण न विचारता सर्पगंधायुक्त गोळी देणे म्हणूनच योग्य नव्हे. झोप न लागणारा प्रत्येक माणूस पित्तप्रकोपाचा अथवा रक्तदाबाचा नसतो. त्यांतील काही विषादाचे असतात.

संघटनेचे कर्तव्य

व्यक्तिशः कोणी काही केले तरी त्याचा प्रभाव मर्यादित राहतो. आपल्या संघटनेने तीन गोष्टी हाती घ्याव्यात, अशी आमची विनंती आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाशी संपर्क साधून प्रत्येक तालुक्यासाठी रुग्ण कोठे आणि कोणत्या दिवशी पाठवावा याची सूची तयार करावी. मलकापुराहून रुग्णाला नागपूरच्या मनोरुग्णालयात न्यावयाचे म्हणजे त्याचा आणि सोबत्याचा दोन दिवसांचा रोज बुडतो. जवळची सोय ठाऊक नसल्याने अनेकजण कोठेच जात नाहीत. परिचारकांसाठी वर्षातून एकदा प्रशिक्षणवर्ग घ्यावा आणि त्यासाठी मनोविकारतज्ज्ञांना आदराने बोलवावे. आणि जुनाट वेदनेच्या रुग्णांसाठी एकच नोंदपत्रक सर्व सभासदांनी वर्षभर वापरावे. आरंभीची वेदना, पाच प्रश्नांची उत्तरे, दिलेली चिकित्सा आणि तीन महिन्यांनंतरची स्थिती, एवढेच त्यात असावे. ज्यांना गुण आला त्यांच्याबरोबर ज्यांना आला नाही त्यांचीही संख्या याच नियतकालिकात छापावी.

शेवटच्या सूचनेवर आमचा विशेष भर आहे. डॉ. पटेल यांच्या गटाने खाजगी दवाखान्यांत आपल्या योजनेचा उपयोग दिसला नाही, हे स्वतःच्याच अहवालात छापले. त्यामुळे त्यांच्या इतर आकड्यांवर विश्वास ठेवता येतो. सत्त्वावजय आणि स्नेहन-स्वेदन यांच्या संयोगाने जुनाट शूलात अधिक लाभ होतो, असे आम्हांस अनुमानाने वाटते. पण अनुमान हे एक प्रमाण झाले. प्रत्यक्षाची जोड मिळेपर्यंत ते दुसऱ्यास पटविण्याचा आपल्याला अधिकार नाही. मलकापूर तालुक्यातील दहा चिकित्सालयांनी जरी वर्षभर प्रामाणिकपणे अशा नोंदी ठेवल्या, तरी पुढील वर्षी या विषयावर लिहिताना आपल्याजवळ श्लोकांसोबत आकडेही असतील. येत्या वेचणीच्या हंगामापासून या कार्यास आरंभ व्हावा, आणि इच्छुक सभासदांनी आपली नावे संघटनेच्या कार्यालयाकडे नोंदवावीत, अशी आमची सर्व वैद्यबंधु-भगिनींना आणि औषधालय चालकांना आग्रहाची विनंती आहे.